मांडावरचे मांडावर

२० नोव्हेंबर २००७, मंगळवार

“आपल्याच घरातली वस्तू आपल्याच घरातल्या माणसाला का मिळू नये?” असे आज दादाने विचारले.  

त्याचे म्हणणे साधे होते. मागे माडांत बांधलेल्या खोल्यांचे फोटो त्याला पाहुण्यांना पाठवायचे आहेत. फोटो माझ्या कॉम्प्युटरवर ‘घर’ नावाच्या फोल्डरमध्ये आहेत. त्याचा कॉम्प्युटर पुढे, शॅकच्या काउंटरवर. (घरापुढे माडांखाली त्याने खानावळ घातली आहे. तिथून समुद्र दिसतसुद्धा नाही, पण आमच्या गावात, हरमलात, टेबल टाकले की तो शॅक.) दोन्हींच्या मधली तार मी स्वतः ओढली, गणेशचवथीच्या सुट्टीत, कौलांखालून. त्या दिवशी बाबांनी वाडीभर सांगितले होते, “आमच्या चेडवान घरात नेटवर्क घातला.” नेटवर्क म्हणजे काय हे त्यांना कोणी विचारले नाही हे बरे झाले.

आता दादाला ‘घर’ दिसते. आतले फोटोही दिसतात. पण अर्धे उघडतात आणि अर्ध्यांवर इंग्रजी पाटी येते, प्रवेश नाही.

“अर्धे कसे गो?” तो म्हणाला. “एकाच खोलीचे दोन फोटो. खाट दिसता, न्हाणी दिसना. न्हाणी नसलेली खोली कोण घेतलो?”

मी म्हटले, बघते. बघितले. सापडले नाही.

२२ नोव्हेंबर

परवानगीची दोन कुलपे असतात, हे मला पाठ आहे. एक नेटवर्कवरून आत येण्याच्या दारावर, दुसरे आतल्या प्रत्येक फोल्डरवर आणि फाइलवर. दोन्ही उघडी असतील तरच माणूस आत. परीक्षेत ह्या प्रश्नाला मी आकृतीसुद्धा काढली होती. आज ‘घर’ फोल्डरची दोन्ही कुलपे तपासली. दोन्हीकडे दादाचे नाव आहे. तरी न्हाणी उघडत नाही.

मी काउंटरवर मान घालून बसले होते, तेव्हा खोलीतला एक पाहुणा आला. कुठल्याशा थंड देशातला, केस बांधलेला, कॉम्प्युटरचेच काम करतो म्हणाला. मी बघू का, असे विचारले त्याने. मी म्हटले, नको, झालेच आहे. झाले काहीच नव्हते. दादा माझ्याकडे बघत राहिला.

दुपारी आईने विचारले, “तू पास झाली न्हय गो त्यात?” टोमणा नव्हता. तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

२५ नोव्हेंबर, रविवार

जमले!

दादा सकाळपासून मागे लागला होता. डिसेंबरच्या पाहुण्यांना आज फोटो गेले नाहीत तर ते शेजाऱ्यांकडे जातील, म्हणत होता. मग मी एकेका फोटोचा नाद सोडला आणि वर गेले, अगदी वर, जिथून सगळे फोल्डर सुरू होतात तिथे. सगळा ड्राइव्ह शेअर केला आणि नियम घातला : सर्वांना, पूर्ण मुभा. खालच्या सगळ्यांना हेच लागू करायचे का, असे मशीनने विचारले. मी हो म्हटले. मग फाइलींची नावे एकामागून एक धावत गेली. इतक्या भराभर, की वाचता येत नव्हती.

पुढून दादाची शिट्टी आली. न्हाणी उघडली होती.

रोग कळला नाही, ताप उतरला. कारण शोधून मग एकेक नीट बंद करायचे आहे. ह्या आठवड्यात करीन. पण खरे सांगायचे तर आज बरे वाटले. एका घरात कुलपे हवीत कशाला? दादाने आम्लेट आणि पावाचे गरम उंडे आतपर्यंत आणून दिले. एरवी मलाच ताट न्यायला लावतो. “इंजिनेर बाय,” म्हणाला. मी इंजिनीयर नाही, सायन्सची साधी पदवी आहे, पण मी दुरुस्त केले नाही.

२८ नोव्हेंबर

आज गाण्यांचे काम केले. खोलीचे दार लावून, कानाला हेडफोन लावून. शब्द दिला आहे म्हणून.

गेल्या पौषात मी मांडावर छोटा रेकॉर्डर नेला होता. मांड म्हणजे आमच्या वाडीतले ते सारवलेले अंगण, जिथे पौषात बायका धालो घालतात. समोरासमोर दोन रांगा, कमरेत हात, वाकत वाकत पुढे यायचे आणि मागे जायचे, एका रांगेने गाणे उचलायचे, दुसरीने झेलायचे. पुरुष त्या अंगणात फिरकत नाहीत. ज्यांचे अंगण आहे ते गोकुळदासकाकासुद्धा त्या रात्री भावाकडे झोपायला जातात. शेवटच्या रात्री बायका सोंगे काढतात, पुरुषांचे कपडे घालून. काय काय बोलतात! आणि सकाळी त्याच बायका पाण्यावर भेटल्या की जणू काही झालेच नाही. मांडावरचे मांडावर, असे म्हणतात.

गाणी उचलते गंगाकाकी. आमच्या शेजारची. तिच्या सासूनंतर तीच. तिला येतात ती गाणी दुसऱ्या कोणाला पूर्ण येत नाहीत. तिच्या मागे ती जातील, हे मला सहन होईना. मी मागे लागले तेव्हा ती म्हणाली, “घे. पण तुझ्या कानापुरता. बापयांच्या कानार पडाक नये.” मी म्हटले, पुरुषच काय, माझ्याशिवाय कोणालाच ते उघडता येणार नाही, तशी सोय असते. तिने माझ्या तोंडाकडे बघितले आणि म्हणाली, “तू शिकलेली. तू म्हणतंस तर आसतली.”

आज सोंगाच्या रात्रीचे ऐकत होते. काकीने नवऱ्याचे सोंग काढले होते, शंभूकाकाचे. शंभूकाका रापणीवर, किनाऱ्यावरून जाळे ओढताना असा ओरडतो की माशांनाही घाम फुटावा. तोच माणूस रात्री परसात जायचे झाले की बायकोला उठवतो. कारण बाहेर देवचार, गावाची राखण करत फिरणारा. काकी हुबेहूब त्याच्या घोगऱ्या आवाजात : “गंगे, चल मगे परसात. माका काय भय वाटना गो. तू एकटी घरात भियतलंस म्हणान सांगतंय.” बायका हसून हसून रांग सोडून बसल्या आहेत. मध्ये माझा खोकला आहे. मी आजही एकटीच हसले, तोंडावर हात ठेवून, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

पुस्तक करायचे आहे. प्रत्येक गाण्याखाली गाणारीचे नाव असेल.

६ डिसेंबर

दादाने शॅकला मोठे स्पीकर आणले. सगळी गाणी एका जागी कशी आणायची, म्हणाला. मी त्याला प्लेअरमधले बटण दाखवले. एकदा दाबले की तो स्वतःच सगळीकडे शोधून जिथे जिथे गाणी असतील तिथून यादी करतो. “बघ, किती सोपे!” म्हटले. दादा खूश.

परवानग्यांचे काम अजून राहिलेच आहे.

पेडण्याच्या एका हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवायची जागा निघते आहे. अर्ज केला.

१९ डिसेंबर, बुधवार

लिहू नये असे वाटते. लिहिते.

दिवे लागायच्या वेळी मी आत खोबरे किसत होते. पुढून गंगाकाकीचा आवाज आला. मला वाटले, काकी आली, काही मागायला आली असेल. आईही म्हणाली, “गंगा गे ती?” मग बायकांचे हसणे आले. मग माझा खोकला.

मी धावले. शॅकमध्ये टेबलांवर पाहुणे होते. काउंटरपाशी रापणीवरची माणसे, मासे द्यायला आलेली. शंभूकाका पुढे होता, हातात इसवण माशांची पाटी. आणि स्पीकरमधून, सगळ्या माडांत घुमत, त्याचाच आवाज त्याच्या बायकोच्या तोंडून : “माका काय भय वाटना गो...”

पहिल्यांदा कोणी हसले नाही. मग त्यांच्यातल्या विठ्ठलाला आवरेना. मग सगळेच. गोऱ्या बायका हसण्याला हसत होत्या, एक तर टाळीचा ठेका धरून बसली होती. दादा माउस इकडेतिकडे फिरवत होता, त्याला खिडकी सापडेना. मी मागची तार ओढून काढली.

शंभूकाकाने पाटी खाली ठेवली, हळूच, माशांना लागू नये अशी. वळला आणि गेला. रापणीवरचा गोपाळ मागून ओरडला, “शंभ्या, सोबत येव रे? वाटेर काळोख आसा!”

शॅक रिकामा झाल्यावर दादा माझ्यापाशी आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “मी काय दाबलंय गो?” तो म्हणाला. “मी फक्त पुढचा गाणा लाव म्हटलंय. काय दाबलंय मी?”

मी म्हटले, “माहीत नाही.”

२० डिसेंबर

माहीत होते. त्याच क्षणी माहीत होते. सकाळी फक्त खात्री केली.

दादाने काही वावगे दाबले नाही. मी दाखवलेले बटण दाबले. प्लेअर गाणी शोधत तारेवरून माझ्या कॉम्प्युटरवर आला. दार उघडे होते. आतले प्रत्येक दारही उघडे होते, माझा कुलूप घातलेला ‘मांड’ फोल्डरसुद्धा, कारण त्या रविवारी खालच्या सगळ्यांना लागू कर, असे मीच म्हटले होते. रेकॉर्डिंगना नावे नव्हती, नुसते आकडे. प्लेअरच्या लेखी ती गाणी होती आणि त्याने ती मिसळून दिली.

मूळ रोगही आज सापडला, कॉलेजचे पुस्तक पुढे घेऊन बसल्यावर. न्हाणीचे फोटो मी माझ्या कुलूपवाल्या फोल्डरमधून कट करून ‘घर’मध्ये टाकले होते. खाटेचे कॉपी केले होते. त्याच ड्राइव्हवर कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरचे नियम घेते. कट करून नेलेली आपले जुने नियम सोबत घेऊन जाते. एवढेच होते. त्या फोटोंचे जुने नियम काढून टाकायचे होते. चहा निवायच्या आत झाले असते. त्या पाहुण्याने कदाचित बघताक्षणीच सांगितले असते.

सगळे पुन्हा बंद केले. ड्राइव्हची वाट बंद केली, फक्त ‘घर’ ठेवले. दादाच्या प्लेअरची यादी पुसली. त्याच्याकडे प्रत उतरलेली नाही, नीट तपासले. आता सगळे बरोबर आहे.

२३ डिसेंबर

दादाबद्दल वाडीत बोलतात, निलेशने बहिणीच्या वस्तूंत हात घातला आणि बायकांचे चोरून शॅकवर लावले, गिऱ्हाईक जमावे म्हणून. गोऱ्यांना असलेच आवडते.

आईने आज चुलीपुढे त्याला फाडून खाल्ले. “बायलांच्या वस्तूक हात लावताना तुका लाज दिसली नाय? तुझ्या आवयचोय आवाज आसा त्यात!” दादा खाली मान घालून ऐकत होता. एकदा म्हणाला, “माका कळाक नाय गे आये.” मी भाजी चिरत होते. चिरत राहिले.

दुपारी दादा शंभूकाकाकडे गेला. मला खिडकीतून त्यांची ओसरी दिसते. शंभूकाका जाळे विणत होता. दादा उभा राहिला, काही बोलला, मग वाकून त्याच्या पाया पडला. शंभूकाकाने पाय आत घेतले. काकी आतून बाहेर आली नाही.

मी जायला हवे होते. पण जाऊन सांगणार काय? शेअर, ड्राइव्ह, खालच्या सगळ्यांना लागू, हे तिथे कोणाला कळणार आहे? उगाच शब्द घालून मी सुटायला बघते असे वाटायचे. जरा शांत झाल्यावर साध्या शब्दांत सांगता येईल.

हे वरचे वाक्य मी दोनदा वाचले. राहू दे.

२ जानेवारी २००८

शंभूकाका रापणीवर जात नाही. पहिल्या दिवशी गेला होता. त्याने दोरीला हात लावला की कोणीतरी मागून बारीक आवाजात म्हणे, “गंगे, चल मगे.” आता तो ओसरीवर बसून चांगले जाळे उसवतो आणि पुन्हा विणतो. काकीने वाढलेले जेवतो, पण तिच्याशी बोलत नाही. हे सगळे आईकडून कळते.

काकी बाजारात मासे घेऊन बसते तेव्हा बायकाही तिला विचारतात, “काय गो, काल परसात कोण गेला?” बायका! ज्या त्या रात्री तिथेच हसत होत्या.

आज काकीचा निरोप आला. ह्या पौषात ती मांडावर येणार नाही.

संध्याकाळी चारपाच जणी आमच्याकडे जमल्या. गंगा नाही तर गाणे कोण उचलणार, ह्यावर बोलणे झाले. आईला सुरुवात येते, पुढचे नाही. कोणाला मधलेच येते. एकदम सुशीलावहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुझ्या पेटयेत आसा न्हय सगळा? मांडार पेटी लावूया. गंगा नाय तर तिचो आवाज. आमी मागून म्हणतलो.”

बाकीच्यांनी मान हलवली. त्यांना ते पटत होते.

मी उठून आत गेले. खोलीचे दार लावून घेतले. 

९ जानेवारी, बुधवार

सांगितले.

शंभूकाका घरात नव्हता तेव्हा गेले. हेही लिहायला हवे. काकी मागच्या दारी वाल निवडत होती. “बस,” म्हणाली. मी उभीच राहिले.

म्हटले, “काकी, ते दादाने केले नाही. मी केले.”

“तू स्पीकर लावलंस?”

“नाही. पण मशीनला मी सांगितले होते की माझे सगळे सगळ्यांना उघडू दे.”

“माझाय?”

“तुझे त्यात आहे हे त्या वेळी ध्यानात आले नाही.”

तिने वालाची शेंग मोडली. “कित्याक सांगलंस असा?”

मी फोटोंचे सांगू लागले, कट आणि कॉपीचे सांगू लागले. ती ऐकत होती, डोळे वालावर. मग म्हणाली, “ता सगळा तुझा शिक्षण झाला. माका सांग, एकेक उघडाचा सोडून सगळा कित्याक उघडलंस?”

“मला कारण सापडत नव्हते. दादा घाई करत होता. मला येत नाही असे म्हणायला लाज वाटली.”

तिने मोडलेल्या शेंगेतले दाणे सुपात टाकले. “म्हणजे तुका लाज वाटू नये म्हणान माझी गेली,” म्हणाली. रागाने नाही. हिशेब लागल्यासारखी.

मी म्हटले, आता मी सगळे बंद केले आहे. आता माझ्याशिवाय कोणालाच उघडता येणार नाही.

“तेव्हाय तू असाच सांगलंस.”

“पुसून टाकते, काकी. आजच.”

“पुसलंस ता माका कळतला कसा? तू सांगतलंस म्हणान?” आता ती पहिल्यांदा माझ्याकडे बघत होती. “तो माझ्याशी बोलना नाय, ता काय नाय. बोलतलो. भूक लागली की बापये बोलतत. पण मांडार तोंड उघडला की माका दिसतला, खय तरी कोण तरी ऐकता. गाणा उचलूचा कसा? ”

मी रडू लागले. ती म्हणाली, “रडाचा आसात तर घरा जा. माका वाल निवडूचे आसत.”

निघाले तेव्हा मागून तिने विचारले, “गेल्या वर्षी तू रांगेत होतंस काय गो? माका तू रांगेत दिसलंस नाय.”

मी रांगेत नव्हते. मी कडेला रेकॉर्डर धरून बसले होते.

११ जानेवारी

दादाला सांगितले. शॅकवर, सकाळी, पोदेर पाव टाकून गेला तेव्हा. तो पाव मोजत राहिला. मला वाटले, ओरडेल. मला वाटले, बरे झाले सांगितलेस, म्हणेल. मी काय काय समजूत घालून ठेवली होती स्वतःची.

तो म्हणाला, “मी त्येच्या पायां पडलंय गो सुविधा. त्येणा पाय काढून घेतले.”

मग म्हणाला, “मी रातभर ता बटण आठवत होतंय. कुठला दाबलंय, कुठला दाबलंय. तू बाजूच्या खोलयेत होतंस.”

आईला त्याने स्वतः सांगितले नाही, मला सांगायला लावले.  दुपारी जेवायला वाढताना तिने माझे ताट आधी आणि दादाचे नंतर वाढले, नेहमीसारखेच. पण दादाच्या पानात तळलेला तुकडा मोठा होता, आणि ती त्याच्या पानापाशी जरा जास्त वेळ वाकून राहिली.

हायस्कुलातून मुलाखतीचे पत्र आले. बाबा सगळ्यांना दाखवत सुटले. माझ्याने त्यांच्याकडे बघवेना.

१५ जानेवारी

काकीचा प्रश्न डोक्यातून जात नाही. पुसले हे तिला कळणार कसे?

मला कळते. मी खिडकी उघडून बघू शकते की तिथे काही नाही. त्याहून वाईट म्हणजे पुसलेले परत आणता येते, हेही मला कळते. तिला फक्त माझा शब्द. सगळ्या वाडीत माझ्यापाशीच अशी एक वस्तू आहे, जिच्याबद्दल इतरांनी माझे ऐकून घ्यायचे. ह्यालाच मी शिक्षण समजत होते का?

शंभूकाका आज केरीला बहिणीकडे गेला, दोन दिवस राहून येईन म्हणून. मांड अठरा तारखेपासून आहे. सुशीलावहिनी पुन्हा पेटीचे विचारून गेल्या.

१८ जानेवारी, सकाळी

काल दुपारी कॉम्प्युटर बंद केला, तारा काढल्या आणि दादाकडे पेचकस मागितला. कशाला, असे त्याने विचारले. सांगितले. तो म्हणाला, “तुझा सगळा आसा त्यात.” खरेच आहे. पदवीचे प्रकल्पाचे काम, पाच वर्षांच्या नोंदी, मुलाखतीसाठी तयार केलेले धडे, घरातले फोटो, गाण्यांचे उतरवलेले शब्द. खोल्यांचे फोटो तेवढे दादाकडे आहेत, न्हाणीसकट. प्रत काढावी असे एकदा मनात आले. प्रत काढली असती तर मग काहीच केले नसते.

“मी धरतंय, तू फिरव,” दादा म्हणाला. बाजूची पत्र्याची झाकणी त्याने धरली. त्याआधी आठवडाभर तो माझ्याशी बोलला नव्हता.

डिस्क धुतलेल्या फडक्यात घेऊन गेले. शंभूकाका केरीहून परतला होता. ओसरीवर जाळे पसरून बसला होता. आधी त्याच्यापुढेच थांबले. पायांना हात लावला नाही, त्याला पुन्हा पाय आत घ्यावे लागू नयेत म्हणून. म्हटले, “काका, ते दादाचे काम नव्हते. माझे होते. बायकांचे मी रेकॉर्ड केले, आणि मीच उघडे टाकले. रापणीवर कोणी विचारले तर माझे नाव सांगा. नाहीतर मी येऊन सांगते.”

त्याने वर बघितले नाही. सुई चालूच होती. मग वाटेतले जाळे त्याने हाताने ओढून बाजूला घेतले, आत जायला जागा झाली. जाताना मागून त्याचा घोगरा आवाज आला, “तू नको येव. तो गोपाळ तुका काय काय बोलतलो. मी बघतंय.”

काकी आत होती. फडके तिच्या पुढ्यात उलगडले.

“ह्या काय?”

“पोट. त्या पेटीतले. तू ह्यात आहेस. दुसरीकडे कुठेच नाहीस.”

तिने डिस्क उचलली, वजन बघितले, उलटीपालटी केली, वासही घेतला. “इतकीशी? बांगड्यापेक्षा बारीक. ह्यात मी आख्खी मावलंय?”

“सगळ्या मावल्यात.”

“आणि तुझा काय आसा ह्यात?”

“सगळे.”

“मगे तू काय करतलंस?”

“पुन्हा पहिल्यापासून करीन.”

तिने डिस्क माझ्याकडे परत सरकवली. मी हात पुढे केला नाही. माझे हात मी पाठीमागे बांधून ठेवले होते, शाळेतल्यासारखे. काकीला ते दिसले असावे. थोड्या वेळाने तिने ती परत आपल्याकडे घेतली.

“हेका मीठ लावून ठेवू की उन्हात सुकवू?” म्हणाली.

मला हसू आले नाही. तिलाही नाही. पण ओसरीवरून शंभूकाकाचा एक आवाज आला, खोकल्यासारखा. काकीने मान वळवली. तिने ओसरीच्या दिशेने विचारले, “तुमका काय होया?” आणि बाहेरून उत्तर आले, “चाय.”

ती उठली. चुलीकडे जाताजाता मला म्हणाली, “मांड सारवूचो आसा. सारवणाक शेण कमी पडता दर वर्सा. उद्या तू आण. आणि रांगेत माझ्या बाजूक नको, समोर ऱ्हव. तुझा तोंड माका दिसाक होया. उघडता की नाय ता.”

पुसू का, असे आता मी विचारले नाही. डिस्कचे ती काय करील तेही नाही.

आज उजाडताच गोकुळदासकाकांच्या गोठ्यातून शेण आणले, दोन खेपा. काकी आधीच तिथे होती, कमरेला पदर खोचून. कुठून सुरुवात करायची ते तिने मला बोटाने दाखवले. अर्धा मांड मी सारवला. हात वाकडा फिरला तिथे तिने परत फिरवला.

रात्रीसाठी तिने मला पहिल्या गाण्याच्या ओळी म्हणून दाखवल्या. मी चार वेळा चुकले. कागद मागितला नाही.